निर्णय आधी, नीती मागाहून

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत, खाली लॅब आणि शेजारी क्लास बघून तुम्ही समुपदेशनाची पाटी लावली असेल, तर अभिनंदन. पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' तेवढं लिहू नका. त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारणारा एखादा खवट माणूस निघतोच.

आता नैतिक पेच येऊ लागतील. त्यावर पुस्तकातली रीत अशी: पेच नेमका काय ते लिहून काढा, आचारसंहिता आणि कायदा काय म्हणतो ते बघा, अनुभवी सहकाऱ्याला विचारा, दोन-तीन वाटा मांडा, प्रत्येक वाटेनं कुणाचं काय बिघडेल ते जोखा, मग ठरवा आणि तारखेसह नोंदवा. तुम्ही हीच यादी खालून वर वाचा. आधी ठरवा. मग जो सहकारी 'बरोबर केलंस' म्हणेल त्यालाच फोन लावा. विरुद्ध बोलेल असा माणूस मुद्दाम शोधायचा असतो म्हणे. पण असल्या माणसाला चहा कोण पाजणार?

पहिल्या भेटीत माणूस तोंड उघडण्याआधी गुप्ततेच्या मर्यादा सांगायच्या असतात. जीवाला धोका, दुसऱ्याला धोका, अल्पवयीनावर लैंगिक अत्याचार, कोर्टाचा आदेश, एवढी चार वाक्यं. तुम्ही मात्र छातीवर हात ठेवून सांगा, "इथलं अक्षरही बाहेर जाणार नाही." ऐकायला गोड लागतं. मग तिसऱ्या भेटीत पंधरा वर्षांची मुलगी काकाबद्दल सांगते आणि बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं, 2012 चं, कलम 19 समोर उभं राहतं: संशय आला तरी पोलिसांना कळवायचंच, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आता शब्द मोडायचा की कायदा? अशा वेळी घरच्यांना बोलावून 'आपसात मिटवा' म्हणायचं. घरच्यांत तो काकाही येतो, ही किरकोळ बाब.

बाकी गुप्तता पाळायचीच; 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला तो हक्कच दिलाय. म्हणून भिशीत नाव घ्यायचं नाही. "गुजरीतले एक सराफ, दोन सुना, धाकटी बीएड झालेली," एवढंच म्हणायचं. उरलेलं महाद्वार रोड पुरं करतो. रील करायचं असेल तर चेहरा पुसा, आवाज राहू द्या.

एकोणीस वर्षांच्या मुलीची आई दारात थांबलेली असते. "काय बोलली ते नको सांगू हो मॅडम, पोरगा शिवाजी पेठेतला की मंगळवार पेठेतला, तेवढं सांगा की." मुलगी सज्ञान आहे, तिच्या लेखी परवानगीशिवाय पेठही सांगता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असतंच. पण कुठल्याशा कार्यशाळेत टॅरासॉफ खटला ऐकलेला असतो. 1976 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की रुग्णाकडून कुणाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. तिथे खून झाला होता. तुमच्याकडे रंकाळ्यावर दोघांत एक भेळ झाली आहे. ओढूनताणून बसतं, बसवा.

मेहुणीची जाऊ आली तर 'घरचीच आहे' म्हणून घ्या. दुसऱ्याकडे पाठवलं की फीही तिकडे जाते. पुढे लग्नाच्या पंगतीत ती समोर बसेल, आणि तुम्ही तिच्या नवऱ्याला वाढताना काय काय आठवाल ते तिला दिसेल, तेव्हा ती पांढरा रस्सा न घेताच उठेल. भेटवस्तूंचंही तसंच. अंबाबाईचा लाडूप्रसाद आणि दहा किलो गुळाचा रवा, म्हणजे ढेप, यांत फरक करू नका. लाडू घेऊन नोंद करता येते. रवा फीच्या बदल्यात आला की पुढच्या भेटीत खरं तेच कडू बोलायला जीभ वळत नाही.

मरणाचा विषय निघाला तर घड्याळ बघा. थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. तरी विचारू नका. उत्तर 'हो' आलं तर संध्याकाळ जाते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भिंतीवर लावलात तर तुमचं प्रमाणपत्र कुठे टांगणार?

राहिल्या नोंदी. त्याच दिवशी लिहायच्या: काय ऐकलं, कुणाला विचारलं, कुठली वाट का सोडली. तुम्ही नोटीस आल्यावर लिहा. फक्त सहा महिन्यांचं एका बैठकीत उरकताना दोन-तीन वेगळी पेनं घ्या, आणि मधल्या एखाद्या पानावर चहाचा डाग पाडायला विसरू नका.