मस्कडाइनचा फॉरवर्ड आणि मामाची दोन एकरं

सप्टेंबर उजाडला की आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या मराठी ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: 'मस्कडाइन हे नुसतं द्राक्ष नाही, औषध आहे. त्यात रेझव्हेरॅट्रॉल साध्या द्राक्षाच्या ४० पट! कॅन्सर आणि डायबेटिस दोन्ही बरे होतात. साल आणि बी मात्र विषारी, थुंकून टाका. या वेलाला रोगही येत नाही. फळ मिळत नसेल तर कॅप्सूल घ्या.' (मस्कडाइन म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातलं जाड सालीचं रानटी द्राक्ष, आणि रेझव्हेरॅट्रॉल म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं, तब्येतीला चांगलं म्हणून गाजलेलं एक द्रव्य.) यंदा हाच निरोप मला नाशिकहून द्राक्षबागायतदार मामाने पाठवला. खाली त्याची एक ओळ: "काय गं, लावू का दोन एकर?"

मामाला फोनवर जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

सालीपासून सुरू करते, कारण फॉरवर्डचा खरा विनोद तिथे आहे. फळाला औषध म्हणायचं आणि त्यातलं औषध थुंकायला लावायचं! मस्कडाइनमधली फेनॉलिक द्रव्यं, म्हणजे ज्यांच्यासाठी ही सगळी आरडाओरड चालते ती, सर्वांत जास्त बियांत असतात, त्याखालोखाल सालीत. गरात अगदीच थोडी. चोथ्याचंही तेच. १०० ग्रॅम कच्च्या मस्कडाइनमध्ये सुमारे ३.९ ग्रॅम तंतू असतात, आपल्या नेहमीच्या द्राक्षात जेमतेम ०.९. हा फरक बराचसा त्या जाड सालीचाच. साल थुंकली की हातात उरतं गोड पाणी.

विष वगैरे काही नाही. साल जाड आणि तुरट असते, ताज्या रातांब्याची साल चावल्यासारखी, आणि पहिल्यांदा तोंड वाकडं होतं हे कबूल. इथली माणसं देठाकडची बाजू ओठांशी धरून मणी दाबतात. गर सुळकन तोंडात येतो, चार-पाच टणक बिया जिभेने बाजूला होतात. मग साल चघळायची की टाकायची, हा ज्याच्या त्याच्या दातांचा प्रश्न. बिया कडू लागतात म्हणून थुंकल्या तर बिघडत नाही. टोपलीभर फळं हाताने पिळायची असतील तर मात्र रबरी हातमोजे घाला, रसाने कातडी चुरचुरते. विषाची अफवा बहुधा इथूनच निघाली असावी.

आता ते '४० पट'. कशाच्या ४० पट? साल, बी, रस आणि वाइन यांची मोजमापं वेगवेगळी येतात, जातीगणिक बदलतात, आणि सोयीची जोडी निवडली की हवा तो आकडा निघतो. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली मस्कडाइनचे भाग वेगळे करून तपासले, तेव्हा सालीत रेझव्हेरॅट्रॉल इतर प्रमुख द्रव्यांपेक्षा बरंच कमी निघालं. त्याचा आणि फळाच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा मेळही बसला नाही. मस्कडाइनचं खरं वेगळेपण एलॅजिक आम्लात आहे. डाळिंबातही सापडणारं हे द्रव्य साध्या द्राक्षात जवळपास नसतंच. पण 'एलॅजिक' म्हटल्यावर कोण फॉरवर्ड करणार!

कॅन्सरबद्दल मात्र गमतीने बोलवत नाही. उपचारानंतर पीएसए (रक्तातलं, हा कॅन्सर वाढतोय का ते दाखवणारं प्रथिन) पुन्हा वाढू लागलेल्या, प्रोस्टेट कॅन्सरच्या १२५ रुग्णांवर या सालीच्या अर्काची रीतसर चाचणी झाली. कुणाला रोज ५०० मिलिग्रॅम, कुणाला ४,०००, कुणाला नुसती बिनऔषधी गोळी. निष्कर्ष २०१८ साली छापून आले: पीएसए दुप्पट व्हायला लागणाऱ्या काळात तिन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. एका विशिष्ट जनुकीय गटात थोडी आशा दिसली, ती पुढच्या अभ्यासाची बाब. तेवढ्यावर कॅप्सूलची बाटली विकत घेऊ नये, आणि चालू औषध तर मुळीच बंद करू नये.

डायबेटिसचं थोडक्यात: १०० ग्रॅममध्ये साधारण १४ ग्रॅम कर्बोदकं. वाडगाभर खाल्लं तर वाडगाभर हिशोबात धरा.

औषधाच्या नादात फॉरवर्डवाले स्वयंपाकघर विसरतात, याचा मला जास्त राग येतो. इथे या फळाची जेली करतात, वाइन करतात, आणि 'हल पाय' (hull pie) नावाचा, पारीत सालीचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ करतात. साली वेगळ्या काढून थोड्या पाण्यात मऊ होईस्तोवर शिजवायच्या. गर वेगळा गरम करून चाळणीतून घासायचा, बिया वर राहतात. दोन्ही एकत्र करून साखर आणि थोडं लिंबू घालून पारीत भरून भाजायचं. मी पारी लाटायचा कंटाळा करते आणि त्याच सालींत गूळ, लवंग आणि चिमूटभर मीठ घालून मुरांबा आटवते. थालीपिठाबरोबर उत्तम लागतो. वास मात्र घरभर दोन दिवस.

राहिली मामाची दोन एकरं. भुरी आणि केवडा या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांना हा वेल बराच पुरून उरतो, एवढं खरं. म्हणूनच तर फवारण्यांना कंटाळलेल्या मामाचे डोळे चमकले. पण मस्कडाइनचे भरगच्च घड येत नाहीत. मोजक्या मण्यांचा झुबका, तोही एकसाथ पिकत नाही. पिकलेले मणी सुटून पडतात, म्हणून वाइनसाठी वेल हलवून गोळा करतात. असे सुटे मणी मामा कुठल्या पेटीत भरणार? आपल्या थॉमसन जातीच्या द्राक्षाशी संकर करावा तर तिथे ३८ गुणसूत्रं, इथे ४०, आणि संतती बहुतेक वांझ.

"आणि मामा," मी म्हटलं, "अमेरिकेचं रानटी द्राक्ष तुझ्या बागेत आहेच की. तू ज्यावर द्राक्षाची कलमं बांधतोस तो डॉगरिज खुंट मूळचा टेक्सासचा."

तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "बरं, दोन एकर राहू दे. त्या मुरांब्याची बाटली घेऊन ये येताना."