जुना राहू दे इथेच

रिपेअरिंगच्या बिलात सगळं असतं. नव्या पार्टची किंमत असते, मजुरी असते, गॅस भरल्याचे असतात, 'व्हिजिट'चे असतात, आणि आपला चेहरा पडलेला पाहून वरचे पन्नास रुपये सोडल्याची नोंदसुद्धा असते. नसतो तो फक्त जुना पार्ट. नव्याची पिशवी रिकामी झाली की तो गुपचूप तिच्यात जाऊन बसतो आणि मेकॅनिकबरोबर जिना उतरतो. त्याला कुणी थांब म्हणत नाही.

आमच्याकडे म्हणतात. आमच्याकडे आई आहे.

फ्रीजचा कॉम्प्रेसर बॉडी शॉर्ट झाला होता. असं मेकॅनिक म्हणाला आणि मी 'अच्छा' म्हणालो. फ्रीज भिंतीपासून ओढून त्याने मागचे पाइप कापले, काळा कॉम्प्रेसर बाहेर काढून फरशीवर ठेवला, नवा बसवला, ब्रेझिंग केलं, बोटाएवढा नवा ड्रायर लावला, व्हॅक्यूम मारून गॅस भरला. आई हा सगळा वेळ पाटावर बसून लसूण सोलत होती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. मेकॅनिकने जुन्या कॉम्प्रेसरला हात घातला मात्र, लसूण थांबला.

"तो राहू दे इथेच."

"आजी, त्यात काय राहिलंय आता? खराब झालाय तो."

"खराब झालाय तर तू कशाला नेतोस?"

या प्रश्नाला उत्तर नाही. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी फ्रीजचा दरवाजा उघडून आतला दिवा लागतो का ते अत्यंत बारकाईने तपासू लागलो.

आता खरं सांगायचं तर खराब कॉम्प्रेसरमध्ये बरंच काही राहिलेलं असतं. सातआठ किलोचा ऐवज असतो तो. बाहेरून पोलादी डबा, आत मोटर, मोटरला तारेचं वाइंडिंग, आणि वाइंडिंग तांब्याचं असलं तर भंगारवाल्याच्या डोळ्यांत जी चमक येते ती आपल्या डोळ्यांत नव्या फ्रीजकडे बघूनही येत नाही. हे मेकॅनिकला माहीत असतं, भंगारवाल्याला माहीत असतं, आणि आमच्या आईला माहीत नसलं तरी तिचा एक साधा नियम आहे: दुसरा उचलून नेतोय म्हणजे वस्तू कामाची आहे. घरातली कुठलीही वस्तू निरुपयोगी असते ती फक्त तिच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात जाईपर्यंत.

मेकॅनिक मात्र मुरलेला होता. "ठेवा की काका, माझं काही नाही. पण मजुरीत जुना धरलाय मी. जुना ठेवणार असाल तर मजुरी वेगळी होईल."

मला हे पटलं. त्याची बाजू घेतोय असं नाही, पण इतक्या कमी मजुरीत हा माणूस तिसरा मजला चढून येतो कसा, हे कोडं मला तेव्हा उलगडलं. आईला पटलं नाही. तिचं म्हणणं, मजुरी आधी ठरली होती तेवढीच द्यायची आणि जुनाही इथेच ठेवायचा. आधी का नाही बोललास?

आणि इथे मला तिचं म्हणणं जास्त पटलं. कारण इन्व्हर्टरच्या बॅटरीचा दुकानदार आधी बोलतो. तो भावच दोन सांगतो: जुनी देणार असाल तर एवढे, नसाल तर तेवढे. दोन्ही आकडे ऐकले की माणूस निमूटपणे जुनी देतो. पन्नास-साठ किलोचं, शिसं आणि ॲसिड भरलेलं ते धूड घरात ठेवून करणार काय? शिवाय सरकारचीही तीच इच्छा आहे. २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांना जुन्या बॅटऱ्या परत घ्यायला लावल्या, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी थेट उत्पादकांच्या गळ्यात घातली. शिसं नाल्यात जाऊ नये, भट्टीत परत जावं, हा हेतू. तिथे सगळा मामला उघडा आहे. जुन्याला किंमत आहे हे दोघांनाही ठाऊक, आणि ती कागदावर लिहिलेली. आमच्या स्वयंपाकघरात मात्र तीच किंमत मेकॅनिकच्या पोटात होती.

सराफाकडे तर जुन्याचा हिशोब पिढ्यानपिढ्या चालत आलाय. जुनं मोडलं की घट धरायची, वजन लिहायचं, मग घडणावळ. तिथे दुकानातला केरसुद्धा फुकट जात नाही. तो विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात. ज्या धंद्यात झाडलेल्या धुळीला मालक आहे त्या धंद्याची शिस्त वेगळीच.

मोबाइलवाल्याकडे हा प्रश्न विचारून बघा. स्क्रीनला तडा गेलेला फोन आपण देतो, तो नवा 'फोल्डर', म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र जोडलेला भाग, बसवून देतो. पुष्कळदा फुटलेली असते ती फक्त वरची काच, आतला डिस्प्ले ठणठणीत असतो. त्यावर नवी काच चढली की तोच डिस्प्ले दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये संसार थाटतो. "जुना द्या ना," म्हटलं की दुकानदार अशा नजरेने बघतो, जणू आपण त्याच्याकडे त्याचं घड्याळ मागितलं.

वॉरंटीत हा वाद नाही. पार्ट फुकट दिला की जुना कंपनीचा, तसं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. रोकडा व्यवहार. खरी गंमत आहे गाडीच्या विम्याची. बंपर फुटला, नवा बसवायचा, तर साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे बंपरचे निम्मे पैसे माझे. पण सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत जपून ठेवलेला तो फुटका बंपर त्यानंतर अख्खाच्या अख्खा विमा कंपनीचा. ठेवायचा असेल तर त्याची किंमत दाव्यातून वजा. निम्मे पैसे भरले तर निदान निम्मा बंपर मिळावा, उजवीकडचा चालेल, असं मी एकदा काउंटरवर म्हणालो होतो. तिथे विनोदाची पद्धत नसावी.

असो. तर कॉम्प्रेसर फरशीवर, मेकॅनिक उकिडवा, आई पाटावर. अशा वेळी बाहेरचा माणूस लागतो, म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. काका वकिली सोडून बरीच वर्षं झालेले, पण वकिलीने त्यांना सोडलेलं नाही. त्यांनी चष्मा लावून कॉम्प्रेसरकडे पाहिलं आणि थेट १८७२ सालच्या करार कायद्यात शिरले.

"दुरुस्तीला दिलेली वस्तू काम झालं की न मागता परत करायची. कलम १६०. आणि वस्तूतून काही वाढ झाली, तर तीही परत द्यायची. कलम १६३. उदाहरण दिलंय कायद्यात. अ ने ब कडे गाय सांभाळायला ठेवली, गायीला वासरू झालं. गाय परत करताना वासरूही द्यायचं."

"इथे गाय कुठली?" आईने विचारलं.

"फ्रीज."

"आणि वासरू?"

काका घुटमळले. कॉम्प्रेसर हे फ्रीजचं वासरू धरावं की आतडं, यावर बहुधा निवाडा नसावा. मग त्यांनाच आठवलं की फ्रीज घरातून हललाच नव्हता, म्हणजे सोपवला कुणी, कुणाला? ताबा आमचा, वस्तू आमची, कलमाची गरजच काय! आणि काम झाल्यावर पुढे केलेली अट ही अटच नव्हे. मेकॅनिकने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काका, कॉम्प्रेसर तुम्ही खाली घेऊन जाणार का?" काकांना गुडघ्याची आठवण झाली.

शेवटी मजुरी थोडी वाढली, जुना थोडा राहिला. थोडा म्हणजे अख्खाच. तो गॅलरीत गेला. मेकॅनिकने जाताना "तोंड वर करून ठेवा" म्हणून बजावलं होतं, आम्ही नेमका आडवा ठेवला. कापलेल्या नळीच्या तोंडातून पिवळट तेल ठिबकत राहिलं. तुळशीच्या कुंडीखालून ओघळ निघून तो दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीपर्यंत पोचला, आणि ते तेलही आमचंच, हे मात्र कुठलंही कलम न दाखवता सिद्ध झालं.

भंगारवाला आला. काट्याला लावून वजन केलं, नाक मुरडलं. "आत ॲल्युमिनियम असणार. हल्ली तांबं कुठे घालतात?" फोडून बघ म्हटलं तर फोडायचे वेगळे पैसे. बायको म्हणाली, देऊन टाका. आई म्हणाली, रविवारी जुन्या बाजारात चौकशी कर. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे काहीही खपतं हे खरं, पण तिथवर कॉम्प्रेसर स्कूटरच्या पायाशी घेऊन जाणाऱ्या माणसाकडे लोक कशा नजरेने बघतील याचा मी विचार केला आणि गेलो नाही. भाच्याने त्याचा रंग मारायचा स्प्रेपंप करतो म्हणून उत्साह दाखवला. जुन्या कॉम्प्रेसरचे तसे पंप करतातही लोक, पण चालू कॉम्प्रेसरचे. हे कळल्यावर तो परीक्षेच्या अभ्यासाला लागला.

एका रविवारी दुपारी मेकॅनिकचाच फोन आला. दुसऱ्या एका घरी तेच जुनं मॉडेल उघडून बसला होता, त्याचा रिले, म्हणजे मोटर सुरू करून देणारा छोटा स्विच, जळला होता आणि दुकानं बंद. आमच्या कॉम्प्रेसरला कडेला जो रिले आहे तो चालू होता, नव्याबरोबर नवा आला म्हणून तसाच राहिला. "आहे ना काका अजून? दहा मिनिटांत येऊन काढून नेतो. तुमच्या काय कामाचा तो!"

मी हो म्हणणार तेवढ्यात आईने फोन हातातून घेतला.

"ये की," ती म्हणाली. "पण नवा रिले केवढ्याला मिळतो, ते आधी सांग."