साहेबांचं मनोधैर्य कसं जपावं

पोलीस स्थानकाची पायरी चढणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा : तिथं तुमची तक्रार महत्त्वाची नसते, साहेबांचं मनोधैर्य महत्त्वाचं असतं. ते फार नाजूक, असं आपल्याला सारखं ऐकवलं जातं. मोर्चानं खचतं, व्हिडिओनं खचतं, पेपरातल्या बातमीनं तर पार आडवं होतं. परवा एका भाड्याच्या गाडीनं माझ्या स्कूटरला मागून ठोकलं, माझा गुडघा फुटला आणि गाडीवाला पसार झाला. म्हणून मी उत्तर गोव्यातल्या एका स्थानकात गेलो (नाव नको, पुन्हा तिथंच जायचंय). तिथं जे शिकलो ते तुमच्याही कामी यावं.

शिरल्या शिरल्या मोबाईल काढून द्या. मी गाडीच्या नंबराचा फोटो दाखवायला तो हातात धरला, तर हवालदार खुर्चीतून उठलेच. "मोबायल हांगा दवर, शूटिंग करपाचें ना." (इथं ठेव, शूटिंग करायचं नाही.) माझा फोन टेबलावर उपडा झाला आणि त्यावर रजिस्टर ठेवलं गेलं. पोलीस स्थानक हे काही सरकारी गुपितांच्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नव्हे, तिथं चित्रण केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलंय, आणि आपला गोवा त्याच न्यायालयाखाली येतो. पण हे तिथं बोलू नका. मनोधैर्य!

भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडेही टक लावून बघू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये प्रत्येक पोलीस स्थानकात आवाजासकट चित्रण करणारे कॅमेरे लावा आणि ते चित्रण अठरा महिने जपून ठेवा असा हुकूम दिला. मी पाहिलेला कॅमेरा छताजवळच्या जळमटांचं चित्रण करत होता. तेही कुणीतरी जपायला हवंच म्हणा.

एफआयआर मागू नका, 'अर्ज' द्या. अर्जावर शिक्का मिळतो, गुन्हा मात्र नोंदला जात नाही.

आणि बंदोबस्त असेल त्या दिवशी अपघात करून घेऊ नका. "साहेब बंदोबस्तार आसात, फाल्यां यो," म्हणजे उद्या ये, असं मला सांगण्यात आलं. पणजीत आझाद मैदानावर मोर्चा होता, म्हणून अर्धं स्थानक तिकडे. दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते, तिसऱ्या दिवशी जत्रा. मग तपास करणार कोण? तपासाची माणसं वेगळी आणि बंदोबस्ताची वेगळी ठेवा, हे सर्वोच्च न्यायालयानं पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितलंय. तेव्हा जन्मलेली पोरं आता मोर्चात घोषणा देतात, आणि त्यांच्यासमोर काठी घेऊन उभा राहतो तो शिपाई कालच्या चोरीचा पंचनामा अर्धवट टाकून आलेला असतो! दोष कुणाचा? अर्थात मोर्चेवाल्यांचा. लोकांनी आंदोलनं केली नसती तर माझ्या गुडघ्याचा तपास लागला असता, असंच मला सुचवण्यात आलं. अहो, सत्तरी तालुक्यातलं मेळावली गाव आठवतं का? जानेवारी २०२१. गावकऱ्यांना नको असलेल्या आयआयटीसाठी जमिनीची मोजणी करायला पोलिसांना पुढं घातलं, ६ तारखेला लाठ्या चालल्या, दगड आले, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. आणि १५ तारखेला सरकारनं तो प्रकल्पच तिथून उचलला! जो प्रकल्प सरकारला नऊ दिवसही टिकवता आला नाही, त्यासाठी वाळपईच्या रानात पोलिसांनी दगड खाल्ले. त्यांचं मनोधैर्य त्या दिवशी कुणी खचवलं, गावकऱ्यांनी की वरच्यांनी? हा प्रश्न विचारायला कुणी वरिष्ठ पुढं आल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. व्हिडिओ काढणाऱ्या पोराला दम द्यायला मात्र सगळे हजर.

व्हायरल झालंच तर घाबरू नका, निलंबनाचा आदेश येतो. आपण तो फॉरवर्ड करतो, खाली टाळ्यांचे इमोजी लावतो. तोवर साहेब पणजीत आल्तिनला राखीव पोलीस दलात हजेरी लावत असतात, आणि आपलं लक्ष पुढच्या व्हिडिओकडे गेलं की हळूच दुसऱ्या स्थानकात रुजू होतात. त्यांच्याविरुद्धच्या चौकशीचा अहवाल कधी वाचलाय कुणी?

पुरे झाला उपदेश. उत्तर गोव्यातल्या आसगावात २०२४ च्या जूनमध्ये लोकांचं राहतं घर बुलडोझरनं पाडलं गेलं. लोक ओरडले, म्हणून पोलीस निलंबित झाले, नाहीतर ती एक 'खासगी बाब' ठरली असती. घर पाडू द्या असा पोलिसांवर वरून दबाव होता, असा आरोप झाला, तोही ओरड झाली म्हणूनच बाहेर आला. त्याच वर्षी डिसेंबरात गुन्हा शाखेच्या कोठडीतला आरोपी पहाऱ्यावरच्या शिपायाच्याच मदतीनं पळाला. त्या शिपायाचं मनोधैर्य कुठल्या मोर्चानं खचवलं होतं, सांगा बघू! कॅमेऱ्याला घाबरतो तो कामाला घाबरतो, साहेब. ज्याचा पंचनामा सरळ आहे त्याला माझ्या मोबाईलचं काय? दखलपात्र (म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवायलाच हवा, हे २०१३ पासून ठरलेलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात तर 'आमच्या हद्दीत नाही' हे कारणही चालत नाही. लाठी उचलायला वरून फोन आला तर तो हुकूम लेखी मागा, तिथं दाखवा तुमचं धैर्य. आणि आपण मोर्चेकरी, आपणही कमी नाही : मैदानावर घसा फोडतो, पण पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे कागद द्यायची वेळ आली की 'कशाला लफडं' म्हणून घरी बसतो. माझा अर्ज अजून त्या रजिस्टराखालीच आहे. उद्या परत जाणार आहे, एफआयआरची प्रत फुकट मिळायची असते, ती घेतल्याशिवाय उठणार नाही.