स्लो स्क्रूला हात लावण्याआधी

थंडी पडली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. सकाळी बाइक सुरू करताच आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, पंधराशे-दोन हजारावर जात असेल तर इंजिनात बिघाड आहे. स्लो स्क्रू (मूठ सोडल्यावर इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा) अर्धा आटा ढिला करा, पेट्रोल वाचेल. चोक ओढू नका, प्लग काळा पडतो; रेस द्या. पाच मिनिटं गाडी गरम करूनच निघा. आणि एवढं करूनही फरक पडला नाही तर दोष इथेनॉलच्या पेट्रोलचा.

आधी बिघाडाचं बघू. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यातलं बरंचसं इनटेकच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं. ऑइल घट्ट असल्याने इंजिन फिरायलाही जड जातं. त्यामुळे सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं आणि बंद पडू नये म्हणून रेसही जरा चढी लागते. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ हा नियम लागू झाला आणि बहुतेक गाड्यांवर कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे तापमानाचा सेन्सर इंजिन गार असल्याचं कळवतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. बऱ्याच मॉडेलांत हवेची जादा वाटही तोच उघडतो. इंजिन तापलं की रेस आपोआप उतरते. निफाडच्या जानेवारीत याला मुंबईपेक्षा जास्त वेळ लागणार, एवढंच.

आता स्क्रू. या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. स्लो लावायचा असतो गरम इंजिनावर, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. अनेक गाड्यांना तो चौदाशेच्या आसपास असतो. सकाळच्या दोन हजारावर बघून स्क्रू ढिला केलात, तर तीच गाडी तापल्यावर हजाराखाली येते आणि सिग्नलला बंद पडते. मग कुणीतरी तो परत पिळतो, आणि मूळ सेटिंग काय होतं हे कुणालाच आठवत नाही. काही इंजेक्शनच्या गाड्यांत थ्रॉटलचा (मूठ पिळल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा) स्टॉप स्क्रू कंपनीतूनच रंगाची खूण करून येतो. तो फिरवला की थ्रॉटल पूर्ण मिटल्याचा ईसीयूचा हिशेबच बिघडतो. पेट्रोल वाचणं राहिलं बाजूला.

चोकचा सल्ला तर उलटाच. अनेक कार्बोरेटरांत चोक म्हणजे जादा पेट्रोलाची वेगळी वाट, आणि ती ओढ घेते थ्रॉटल मिटलेला असतानाच. ॲक्सिलरेटर पिळला की ती ओढ मोडते. म्हणून चोक ओढायचा, मूठ सोडून द्यायची, स्टार्टर मारायचा; गाडी धरली की चोक परत आत. तो विसरलात तर मात्र प्लग काळा पडतो, मेसेजमधलं एवढं खरं. वर ऑइल अजून सगळीकडे पोचलेलं नसताना रेस देणं म्हणजे पिस्टन-रिंगांशी वैर.

पाच मिनिटांची गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले एक-दोन किलोमीटर हळू चालवा. चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. बंद पार्किंगमध्ये तर गाडी चालू ठेवून उभं राहूच नका, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

इथेनॉलने गार इंजिन सुरू व्हायला त्रास होऊ शकतो, हे मान्य. पण सकाळी रेस चढण्याचा प्रकार इथेनॉलच्या आधीपासूनचा आहे.

बिघाड असतो तो वेगळ्याच वेळी दिसतो. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवली, इंजिन चांगलं तापलं, तरी रेस उतरत नाही, किंवा मूठ सोडल्यावर रेंगाळत खाली येते. तेव्हा न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. रेस बदलली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे किंवा चुकीच्या वाटेने गेली आहे. मुठीला किंचित मोकळी चाल हवीच. केबल ठीक असेल तर कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधला रबर बघा. जुन्या गाडीत तो वाकवला की बारीक भेगा उघडतात. तिथून इंजिन हवा घेतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि रेस चढते. क्लॅम्प सैल असला तरी तेच. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधण्याचा प्रयोग घरी करू नका, आग लागते. याशिवाय अडकलेला चोक, थ्रॉटल बॉडीतला कार्बन, किंवा गरम इंजिनालाही गारच समजणारा सेन्सर ही कारणं असू शकतात. सेन्सरसाठी स्कॅनर लावावा लागतो. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘रेस जास्त आहे’ एवढंच सांगू नका, गार असताना की तापल्यावर तेही सांगा. नाहीतर मिस्त्रीचा हातही पहिल्यांदा त्या स्क्रूकडेच जाईल.