रेडचे सेटिंग बदलल्याने लॅपटॉप दुप्पट वेगाने चालत नाही

नागपुरातल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: 'लॅपटॉप स्लो आहे? बायोसमध्ये रेड काढून एएचसीआय करा, स्पीड दुप्पट. दोन ड्राइव्ह असतील तर रेड वन लावा, बॅकअपची गरजच नाही.' बर्डीवर लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो, तिथे या सल्ल्याने अडकलेली मुले रडवेली होऊन येतात. म्हणून हे लिहितो आहे. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम. रेड म्हणजे दोन किंवा जास्त ड्राइव्ह एकत्र जोडून वापरण्याची पद्धत; त्यातल्या रेड वनमध्ये दोन्ही ड्राइव्हवर तीच प्रत असते. एएचसीआय म्हणजे ड्राइव्ह असे न जोडता साधेपणाने वापरण्याचे सेटिंग.

आधी वेगाचे बघू. एकच ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपवर 'रेड ऑन' दिसले, तरी तिथे रेड झालेला नसतो; विंडोज इंटेलच्या ड्रायव्हरमार्फत, म्हणजे ड्राइव्हशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत, ड्राइव्ह वापरते, एवढेच. एएचसीआय केल्यावर ड्रायव्हर बदलतो, ड्राइव्ह तोच राहतो. रोजच्या कामात फरक जाणवत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, तो जाणवेल.

धोका कुठे आहे, ते मेसेज सांगतच नाही. तयारी न करता सेटिंग बदलले की विंडोजला बूटसाठी लागणारा ड्रायव्हर मिळत नाही आणि निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येते. घाबरून मुले फॉरमॅट मारतात आणि वर्षभराचा प्रोजेक्ट जातो. एकच ड्राइव्ह असेल तर डेटा जागेवरच असतो हो! सेटिंग परत रेडवर न्या, विंडोज बहुतेक वेळा सुरू होते. उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकायला बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर हा बदल खरोखर लागतो. तेव्हा बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 अंकी रिकव्हरी की आधी लिहून घ्या. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या टूलमध्ये सेफ बूट लावा, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरसह सेफ मोडमध्ये सुरू होईल; मग बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि सेफ बूट काढा. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर पासवर्ड लागतो, तो आठवतो का तेही आधीच बघा. दोन ड्राइव्हवर रेड झिरो असेल तर पूर्ण डेटा बाहेर काढल्याशिवाय हात लावू नका, कारण प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्हींवर विभागलेले असतात.

बॅकअपचा दावा मात्र सर्वात घातक. 1988 मध्ये पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या संगणकशास्त्रज्ञांनी रेडची कल्पना मांडली, तेव्हा जादा डिस्क ठेवल्या त्या एखादी बंद पडली तरी काम अडू नये म्हणून. चुकून डिलीट केलेली फाइल रेड वनमध्ये दोन्ही ड्राइव्हवरून त्याच क्षणी जाते. फाइलना कुलूप लावून खंडणी मागणारे रॅन्समवेअरही दोन्हीकडे पोचते. शिवाय दोन्ही ड्राइव्ह एकाच लॅपटॉपमध्ये: मे महिन्यातला 45 अंशांचा ताप दोघांना सारखाच, आणि गणेशपेठ बसस्थानकावर बॅग गेली तर दोन्ही गेले. बाहेरची एक हार्ड डिस्क घ्या, दर आठवड्याला काम तिच्यावर उतरवा आणि ती घरीच ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.