परदेशात इंग्रजी शिकवायला निघालात? मग कोर्स असा निवडा

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं ठरवलंत, उत्तम केलंत. समुद्र, माड आणि मासळी यांचा गोव्यात राहून कंटाळा येतोच. तो घालवायला थायलंडला, म्हणजे समुद्र, माड आणि मासळीच्याच देशात जाणं हा रास्त उपाय आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर लॅपटॉप उघडून बसलेला गोरा माणूस तुम्ही पाहिलाय. त्याच्यासारखंच आपणही कुठेतरी जाऊन बसावं, एवढीच तर इच्छा. राहता राहिला इंग्रजी शिकवायचं सर्टिफिकेट देणारा कोर्स. तिथे मात्र माणसं उगाच विचार करत बसतात.

तो विचार टाळण्यासाठी कोर्स रात्री निवडावा. साडेअकराच्या सुमाराला, अंथरुणात पडल्या पडल्या, मोबाइलवर. त्या वेळी सगळ्या कोर्सवर घसघशीत सवलत चालू असते आणि ती बरोबर बारा वाजता संपणार असते. लाल आकडे उलटे धावत असतात. पान बंद करून पुन्हा उघडलं की ते आकडे परत पहिल्यापासून धावू लागतात. ही कंपनीची उदारता. तिच्याकडे संशयाने बघू नये. खोडलेली मूळ किंमत आजवर कुणी कधी भरली आहे का, असले प्रश्न म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घेताना विचारावेत. इथे करिअरचा प्रश्न आहे.

मग तास बघा. आकडा १२० हवा. तो का, हे विचारायची गरज नाही, पण माहीत असलेलं बरं: केंब्रिजचा सेल्टा नावाचा जुना कोर्स किमान १२० तासांचा आहे आणि नोकरीच्या जाहिरातींतही हाच आकडा मागतात. म्हणून सगळ्या ऑनलाइन कोर्सनी तोच छापला. स्पर्धा वाढली तसे काहींनी १५० केले, काहींनी १८०. छापायला शाई तेवढीच लागते. हे तास मोजतं कोण? कुणीच नाही. शनिवारी जेवण आटोपून बसलात तर रविवारी संध्याकाळी आरतीच्या आधी १२० तास पूर्ण होतात. प्रत्येक धड्याच्या शेवटी परीक्षा असते, तिचं दडपण घेऊ नका. ‘चांगला शिक्षक कसा असावा?’ (अ) उत्साही, (आ) रागीट, (इ) झोपलेला. चुकलात तर पुन्हा द्या. पुन्हा चुकलात तर पुन्हा द्या. कधीतरी (अ) लागेलच.

मान्यतेच्या बाबतीत लोगो मोजावेत, वाचू नयेत. पानाच्या तळाशी सहा असले तर चांगला कोर्स, नऊ असले तर फारच चांगला. या धंद्याला जगभरात एकच एक नियामक नाही आणि मान्यता देणारी संस्था काढायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे काही ठिकाणी कोर्स आणि त्याला मान्यता देणारी संस्था यांचं घराणं एकच निघतं. घरातल्या घरात दिलेली मान्यता सगळ्यात जिव्हाळ्याची. कुणी चिकित्सक माणूस म्हणेल की ब्रिटनमध्ये ऑफक्वाल नावाचा सरकारी नियामक आहे, सेल्टा आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा तसलाच सर्टटेसॉल कोर्स हे दोन्ही त्याच्या यादीत पाचव्या पातळीवर आहेत, तिथे शोधून बघ. त्याला सांगा, आमच्यापण जाहिरातीत ‘लेव्हल ५’ लिहिलंय. आणि ते खोटंही नसेल! एकाही मुलासमोर उभं न राहता पूर्ण होणारे कोर्सही त्या पातळीवर मिळतात. पातळी अभ्यासाची असते, वर्गात पाय लटपटले की नाही याची नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्यक्ष शिकवायला लावणाऱ्या कोर्सपासून चार हात लांब राहा. सेल्टात सहा तास, सर्टटेसॉलमध्येही सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. ऐकायला सहा तास म्हणजे काहीच नाही. पणजीहून पुण्याची बस त्याहून जास्त वेळ घेते. पण त्या सहा तासांत मागच्या बाकावर प्रशिक्षक बसलेला असतो आणि तो सारखा लिहीत असतो. तुम्ही फळ्याकडे वळलात की लिहितो. विनोद केलात आणि कुणी हसलं नाही की लिहितो. तास संपल्यावर तो अत्यंत सभ्यपणे विचारतो, ‘चाळीस मिनिटांत विद्यार्थी किती बोलले?’ तुम्हाला आठवतं की तुम्हीच बोलत होता. छान बोलत होता. पण तिथे ते चालत नाही.

आणखी एक छळ. ‘समजलं का?’ असं विचारायला तिथे बंदी आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌ पिढ्या याच प्रश्नावर शिकवणं झालं आणि सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणाला, कुणाचं काही अडलं नाही. तिथे मात्र समजलंय की नाही हे आडून काढून घ्यावं लागतं. समजा, फळ्यावर लिहिलंत: ‘ही यूज्ड टू ड्राइव्ह अ ट्रक.’ मग विचारायचं: तो पूर्वी ट्रक चालवायचा का? हो. एकदाच की नेहमी? नेहमी. आज चालवतो का? नाही. खाणी बंद पडून ट्रक उभे राहिलेले पाहिलेल्या डिचोली-साखळीच्या पोराला हे तीन प्रश्न न विचारताही कळेल, पण हनोईतल्या पोराला विचारावे लागतात, आणि ते प्रश्न आदल्या रात्री तुम्हाला लिहून काढावे लागतात. शिवाय चार लेखी असाइनमेंट, आणि फी लाखाच्या पुढे. एवढे पैसे भरून चारचौघांत चुका काढून घ्यायच्या? तेच स्वस्तातल्या कोर्समध्ये ‘प्रात्यक्षिक’ म्हणून दहा मिनिटांचा व्हिडिओ चालतो. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, भाचीला बसवा, हातात केळं द्या, ‘धिस इज अ बनाना’ म्हणा. भाची इंग्रजी माध्यमात आहे, ती तुमचा उच्चार सुधारेल, तेवढा भाग कापून टाका.

(ज्या गोव्यात इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यावं की नाही यावर २०११ पासून मोर्चे निघाले आणि भले भले एकमेकांशी बोलेनासे झाले, तिथला माणूस इंग्रजी निर्यात करायला निघतो, हे मला मनापासून आवडतं. दोन्ही बाजूंच्या घरांतली पोरं या कोर्सना बसलेली असतात.)

पैसे भरायच्या आधी व्हिसाचे नियम वाचू नका. उत्साहावर पाणी पडतं. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा प्रामुख्याने सातच देशांच्या पासपोर्टवर मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी व्यापार करारातून एक फट आहे, पण तिच्यातून आत जायला शिक्षकाचा परवाना लागतो, शनिवार-रविवारचं सर्टिफिकेट नव्हे. व्हिएतनामला पदवी आणि सर्टिफिकेट दोन्ही हवं. आणि जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ असेल तर तुम्ही घरी कोकणी, देवळात मराठी, बाजारात हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी बोलता याचं तिकडे काडीचं कौतुक नाही. दुसरी भाषा शिकताना डोकं कुठे अडतं हे तुम्हाला आतून माहीत आहे, हा तुमचा दोष समजावा.

यावर खास गोवेकर तोडगा म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्या आजोबांची नोंद लिस्बनला करायची, वर्षानुवर्षं कागद जमवायचे, भारतीय नागरिकत्व सोडायचं आणि मग वरच्या सात देशांची यादी पुन्हा वाचायची. पोर्तुगाल तिच्यात नाही. ब्रिटनमधल्या स्विंडनच्या मावशीकडे जाऊन राहावं म्हटलं तर ब्रेक्झिटनंतर तिथेही नव्याने जाणाऱ्याला व्हिसा लागतो.

आखाताचं नाव काढणाऱ्या काकांकडे दुर्लक्ष करा. तिथल्या सीबीएसई शाळा बी.एड. विचारतात, आणि बी.एड. म्हणजे दोन वर्षं, शाळेत जाऊन पाठ घेणं, वही, तक्ते, निरीक्षण. म्हणजे पुन्हा तोच मागच्या बाकावरचा माणूस.

नोकरीची हमी मात्र बघून घ्या. ‘जॉब असिस्टन्स’ म्हणजे रिकाम्या जागांची एक यादी ईमेलने येते. ती कुणालाही फुकट दिसते, पण तुम्हाला ती पैसे भरल्यानंतर आली, त्यामुळे तिला किंमत आली.

शेवटी सर्टिफिकेट येईल, पीडीएफमध्ये, सोनेरी काठाचं. फेसबुकवर टाका, अभिनंदनं येतील, वाडीतला क्लब शाल-श्रीफळही देईल. मग तिकडची शाळा ते साक्षांकित करून मागेल आणि तुम्ही ते छापून, लॅमिनेट करून पर्वरीच्या सचिवालयात घेऊन जाल. तिथे कळेल की कागद ज्या देशात निघाला त्याच देशाने त्यावर अपॉस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचा, शिक्का मारायचा असतो. ब्रिटिश कंपनीचा कागद असेल तर तो ब्रिटनमध्येच, तेही कुणाची तरी खरी सही असेल तर. खिडकीतला कारकून ते उलटसुलट करून बघेल आणि चष्म्यावरून विचारील, “हें दिलां कोणें?” तुम्ही अजिबात गडबडू नका. खालच्या लोगोंवर बोट ठेवा आणि डावीकडून वाचायला सुरुवात करा.