बालचित्रपट काढले, दाखवायचे राहिले

चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचे नाव निघाले की मला चित्रपटांच्या आधी सतरंज्या आठवतात. वर्षातून एखाद्या दिवशी शाळेच्या सभागृहात पडदा लागे, खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला जाई आणि १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरची घरघर इतकी असे की निम्मे संवाद तिच्यातच विरून जात. रीळ बदलताना दिवे लागले की पीटीचे सर शिट्टी फुंकत. चित्रपटाचे नाव आज आठवत नाही. त्यातला मुलगा आमच्यासारखाच खाकी चड्डीत होता, एवढे मात्र पक्के आठवते.

ही सरकारी संस्था १९५५ साली नेहरूंच्या पुढाकाराने उभी राहिली आणि हृदयनाथ कुंझरू तिचे पहिले अध्यक्ष झाले. केदार शर्मा यांच्या 'जलदीप' या पहिल्याच चित्रपटाला १९५७ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला. श्याम बेनेगल यांचा 'चरणदास चोर' (१९७५) इथलाच. नाटककार हबीब तन्वीर यांच्या छत्तीसगडी नटांबरोबर त्यात तरुण स्मिता पाटील दिसते. सई परांजपे यांनी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' या संस्थेसाठी केले व पुढे तिचे अध्यक्षपदही सांभाळले. तिकीटबारीचा धाक नसल्यामुळेच असे प्रयोग होऊ शकले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो, आणि म्हणूनच सरकारने या भानगडीत पडूच नये हे मत मला पटत नाही.

मात्र चित्रपट काढण्याची जेवढी तजवीज झाली, तेवढी तो मुलांपर्यंत नेण्याची कधीच झाली नाही. सारी भिस्त शाळांत होणाऱ्या चित्रपटांच्या खेळांवर आणि दूरदर्शनवर राहिली. संस्थेचा चित्रपट रीतसर थिएटरांत लागायला २०१२ साल उजाडावे लागले. तो राजन खोसा यांचा 'गट्टू'. दर दोन वर्षांनी भरणारा बालचित्रपट महोत्सव हैदराबादेत स्थिरावला, ते ठीकच. पण हैदराबाद काही प्रत्येक तालुक्याला जवळ नाही.

२०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. कारभार एकत्र आणण्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप एवढाच, की विलीनीकरणाच्या साऱ्या चर्चेत कार्यालये, पदे आणि मालमत्ता यांचा जेवढा ऊहापोह झाला, त्याच्या चौथाईनेही मुलांनी हे चित्रपट कुठे पाहायचे याचा झाला नाही.

माझ्या जुन्या शाळेत आता वर्गावर्गात डिजिटल फळा आहे, सतरंज्यांची गरज उरलेली नाही. गेल्या वर्षी गेलो तेव्हा सहज विचारले, यातला एखादा चित्रपट मुलांना दाखवलात का? तिथल्या तरुण शिक्षिकेने संस्थेचे नाव प्रथमच ऐकले होते.